सेरेंडिपिटी: अर्थ, उगम आणि मराठीत काय म्हणायचं?

निंबोणी

मंडळी, एका विज्ञान मासिकासाठी लेखाचा अनुवाद करतेय आणि एका शब्दापाशी गाडी तीन दिवस अडली आहे. शब्द आहे सेरेंडिपिटी. मी आधी 'योगायोग' लिहिलं. संपादकांनी त्यावर रेघ मारून समासात लिहिलं, "योगायोग म्हणजे एसटीत शाळूसोबती भेटणं. हे तसं नाही." मग 'दैवयोग' लिहिलं, त्यावर नुसतंच प्रश्नचिन्ह आलं. 'सुखद योगायोग' लिहिल्यावर तर फोनच आला.

शोधाशोध केली तेव्हा कळलं की या शब्दाचा चक्क जन्मदाखला उपलब्ध आहे. २८ जानेवारी १७५४. त्या दिवशी होरेस वॉलपोल या इंग्रज गृहस्थाने आपल्या मित्राला लिहिलेल्या पत्रात हा शब्द पहिल्यांदा आला. वडील रॉबर्ट वॉलपोल म्हणजे ब्रिटनचे पहिले पंतप्रधान. चिरंजिवांना मात्र जुनी चित्रं, गॉथिक खिडक्या आणि पत्रं लिहिणं यातच रस. मित्राचं नाव होरेस मान. हा फ्लॉरेन्समध्ये ब्रिटनचा वकील होता, म्हणजे पेशवाईतल्या अर्थाने वकील. दोघांची तिथे तरुणपणी गाठ पडली आणि मग १७८६ मध्ये मान वारला तोवर चाळीसहून जास्त वर्षं पत्रव्यवहार चालला. मधल्या काळात भेट एकदाही नाही! (आमच्या शाळेच्या ग्रुपवर चार दिवसांत भांडणं होतात.)

तर या मानने बियान्का कापेलो या तस्कनीच्या राणीसाहेबांचं चित्र वॉलपोलला पाठवलं. त्यानंतर व्हेनिसच्या घराण्यांच्या चिन्हांचं एक जुनं पुस्तक चाळताना वॉलपोलला कापेलो घराण्याचं चिन्ह सापडलं, आणि त्यात निळ्या गोळ्यावर एक फूल होतं. तसंच फूल मेदिची या तस्कनीच्या राजघराण्याच्या चिन्हातही असतं. बियान्काचा नवरा मेदिची. म्हणजे लग्नानंतर सासरच्यांनी माहेरच्यांना दिलेला हा सन्मान असणार, असा त्याने तर्क बांधला. स्वारी खूश. असल्या शोधाला मी सेरेंडिपिटी म्हणतो, असं त्याने मित्राला कळवलं आणि सांगितलं की 'सेरेंडिपचे तीन राजपुत्र' या एका बाष्कळ परीकथेवरून मी हा शब्द बनवलाय. ते राजपुत्र प्रवासात सारखे शोध लावायचे, "अपघाताने आणि चाणाक्षपणाने, ज्यांच्या शोधात ते नव्हते अशा गोष्टींचे".

मराठीत काय म्हणावं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

आडगावचा_शहाणा

लॉटरी लागणे. हाकानाका (हाय काय अन् नाय काय).

बोरकूट

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. पण एवढं मोठं शीर्षकात मावणार नाही.

निंबोणी

@बोरकूट, आंधळा निदान डोळा मागत तरी होता. वॉलपोलने त्याच पत्रात बजावलंय की जी गोष्ट तुम्ही शोधत होता ती सापडली तर ती यात धरायची नाही.

खडूफळा

संस्कृत न्यायांकडे, म्हणजे दृष्टांतवजा म्हणींकडे वळा, तिथे दुकान भरलेलं आहे. काकतालीय न्याय: कावळा ताडावर बसायला आणि ताडफळ पडायला एकच गाठ. बोलीत आपण कावळा बसायला अन् फांदी तुटायला म्हणतो. अंधचटक न्याय: आंधळ्याने हात मारला आणि मुठीत चिमणी आली. घुणाक्षर न्याय: घुण म्हणजे लाकूड पोखरणारा किडा. पोखरता पोखरता त्याच्याकडून लाकडावर एखादं अक्षर उमटतं. किड्याचा तसा बेत नसतो.

नशीब फुटकं असेल तर त्याचीही सोय आहे. अजाकृपाणीय: शेळी जायला आणि वरून तलवार पडायला. हा काकतालीयाचा सख्खा भाऊ, पाणिनीच्या सूत्रावरच्या काशिकावृत्तीत दोघांची उदाहरणं जोडीने येतात. आणि माझा आवडता खल्वाटबिल्वीय: टक्कल असलेला माणूस उन्हाने कावून झाडाखाली सावलीला जातो, ते झाड नेमकं बेलाचं, आणि बेलफळ पडतं ते टाळक्यातच. भर्तृहरीने यावर अख्खा श्लोक लिहिलाय. चाळीस वर्षं वर्गात शिकवला, हल्ली तो वैयक्तिक वाटू लागलाय.

चहात_बुडाली

खडूफळा सर, दंडवत! वाचनखूण साठवली आहे.

अवांतर: इंग्रजांनाही या उलट शब्दाची गरज पडली. विल्यम बॉइड या कादंबरीकाराने १९९८ मध्ये 'झेम्ब्लॅनिटी' शब्द काढला. सेरेंडिप हे दक्षिणेचं उबदार, हिरवं बेट, म्हणून उलट टोकाला उत्तर ध्रुवाजवळचा नोवाया झेम्ल्या हा बर्फाळ, उजाड द्वीपसमूह धरला. म्हणजे त्यांचं झेम्ब्लॅनिटी आणि आपलं बेलफळ.

तळ्याकाठचा

ती तीन राजपुत्रांची गोष्ट कुणी सांगणार आहे की नाही? थांबा, मीच सांगतो.

सेरेंडिपचा राजा जाफर आपल्या तीन पोरांना पंडितांकडून शिकवतो आणि मग जग बघायला बाहेर काढतो. वाटेत एक उंटवाला भेटतो, त्याचा उंट हरवलाय. पोरं विचारतात, "एका डोळ्याने आंधळा का? एक दात पडलेला? एका पायाने लंगडा? पाठीवर एका बाजूला लोणी, दुसऱ्या बाजूला मध? वर बाई बसलेली, आणि ती गरोदर?" सगळं बरोब्बर. उंटवाला म्हणतो, तुम्हीच चोर. वरात निघते ती थेट बादशहा बहरामच्या दरबारात आणि पोरं तुरुंगात.

उंट त्यांनी पाहिलेलाच नसतो. पाहिलेला असतो फक्त रस्ता. एका बाजूचं गवत बरं असूनही दुसऱ्या बाजूचं वाळकं गवत खाल्लेलं, म्हणजे उंटाला चांगली बाजू दिसत नव्हती. उंटाच्या दाताएवढे चघळलेल्या गवताचे बोळे जागोजाग पडलेले, म्हणजे तिथून दात गायब. तीन पावलांचे ठसे आणि चौथ्या पायाची फरफट. रस्त्याच्या एका कडेला मुंग्यांची रांग, दुसऱ्या कडेला माश्या. आणि जिथे बाई उतरली तिथे मातीत तळव्यांचे ठसे, कारण दिवस भरत आलेली बाई हात टेकल्याशिवाय उठत नाही.

पुढे उंट सापडतो, पोरांची सुटका होते, बादशहा बक्षीस देतो.

वॉलपोलला ही गोष्ट नीट आठवत नव्हती. त्याने पत्रात उंटाचं खेचर केलं आणि एवढ्या खुणांतला फक्त डोळा लक्षात ठेवला. अर्धवट आठवणाऱ्या गोष्टीवरून शब्द पाडला आणि तोच अडीचशे वर्षं टिकला.

बोरकूट

मुंग्या लोण्यावर आणि माश्या मधावर? आमच्याकडे मधाच्या बाटलीला मुंग्या लागतात. पुस्तकात छापलेलं असलं तरी मला त्या रस्त्यावर नेऊन दाखवा.

तळ्याकाठचा

बादशहा बहरामकडे अपील करा.

खडूफळा

या गोष्टीचा प्रवासही बघण्यासारखा आहे. वॉलपोलच्या हाती जे आलं त्याचं मूळ १५५७ मध्ये व्हेनिसला इटालियनमध्ये छापलेलं पुस्तक. त्याच्याही मागे गेलात तर आपल्या दिल्लीत पोहोचता. अमीर खुस्रोच्या 'हश्त बिहिश्त' या फारसी काव्यात हे राजपुत्र आणि हा उंट आहे. फारसीतून इटालियन, इटालियनमधून फ्रेंच, मग इंग्रजी. फ्रेंच लेखक व्हॉल्तेरने १७४७ च्या 'झादिग' या कथेमध्ये असाच प्रसंग राणीची कुत्री आणि राजाचा घोडा घेऊन रंगवला. पुढच्या गुप्तहेरकथांचं मूळ लोक तिथे शोधतात.

इळा_मोडून_खिळा

आणि सेरेंडिप म्हणजे श्रीलंका, हे अजून कुणी स्पष्ट म्हटलेलं नाही. सिंहलद्वीप, पाली वळणाने सीहळदीप, आणि अरब खलाशांच्या तोंडी सरनदीब. सिंदबादसुद्धा सहाव्या सफरीत सरनदीबलाच लागतो. शेवटचं 'दीब' म्हणजे आपलं द्वीप, जे मालदीवमध्ये आहे, दीवमध्ये आहे आणि कारवारसमोरच्या अंजदीवमध्येही आहे.

त्याच सिंहलचं पोर्तुगीजांनी सैलाँव केलं आणि इंग्रजांनी सिलोन. म्हणजे बुधवारी रात्री आठला आमच्या चाळीत बिनाका गीतमालेसाठी जे स्टेशन लावायचे, ते मुळात रेडिओ सेरेंडिप.

चहात_बुडाली

आमच्या घराजवळ एका नव्या टॉवरचं नाव सेरेंडिपिटी आहे. वॉचमनच्या रजिस्टरमध्ये कुरिअरवाल्यांच्या रकान्यात चक्क 'सरनदीप' लिहिलेलं मी स्वतः पाहिलंय, तेही सलग दोन पानं. आतापर्यंत हसायचे. आज कळलं की अख्ख्या सोसायटीत मूळ उच्चाराच्या सगळ्यात जवळ तोच आहे.

निंबोणी

@चहात_बुडाली, लोल! हे लेखात घालू का?

आडगावचा_शहाणा

एवढा ऊहापोह कशाला? सफरचंद पडलं, गुरुत्वाकर्षण सापडलं. खिशातलं चॉकलेट वितळलं, मायक्रोवेव्ह सापडला. न चिकटणारा गोंद झाला, पिवळ्या चिठ्ठ्या झाल्या. नशीब हो, नशीब.

पेट्रीबाई

पहिल्यांदाच लिहितेय, मराठी टायपिंग सांभाळून घ्या. मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते आणि शहाणेसाहेबांच्या यादीत पेनिसिलीन यायच्या आत बोलून घेते.

आमच्याकडे पेट्री डिशमध्ये, म्हणजे झाकणाच्या उथळ बशीत, अगर नावाची जेली ओततात, त्यावर जिवाणू वाढवतात. पावसाळ्यात दर आठवड्याला दोन-चार प्लेट्सवर बुरशी चढते. झाकण क्षणभर जास्त उघडं राहिलं तरी पुरतं. हिरवट, कडेला पांढरी, मखमलीसारखी. ती दिसली की आम्ही "गेली" म्हणतो, ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या कुकरसारख्या यंत्रात) टाकतो आणि भांडी धुतो. जगभर हेच चालतं, १९२८ मध्येही चालायचं.

३ सप्टेंबर १९२८ ला अलेक्झांडर फ्लेमिंग सुट्टीवरून लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमधल्या आपल्या खोलीत परत आला. टेबलावर स्टॅफिलोकोकस जिवाणूंच्या जुन्या प्लेट्सची चळत तशीच. जुना सहकारी भेटायला आला होता, त्याला दाखवताना एक प्लेट हातात आली. तिच्यावर बुरशी होती. त्यात नवल नाही. बुरशीच्या भोवती मात्र जिवाणूंच्या वसाहती विरघळून पारदर्शक झाल्या होत्या, दुधात पाण्याचा थेंब पडावा तशा.

हे त्याच्याच डोळ्याला का दिसलं? सात वर्षं आधी, १९२१ मध्ये, सर्दी झालेली असताना त्याने स्वतःच्या नाकातला शेंबूड प्लेटवर टाकून पाहिला होता (हो, खरंच), आणि भोवतालचे जिवाणू असेच विरघळलेले पाहिले होते. त्यातून लायसोझाइम हे जिवाणू विरघळवणारं द्रव्य सापडलं. म्हणजे विरघळलेलं वलय कसं दिसतं, हे त्या डोळ्याला आधीच माहीत होतं. बुरशी नशिबाने आली. वलय दिसणं सात वर्षांच्या सवयीतून आलं.

एमएस्सीला असताना माझ्या एका प्लेटवर असंच काहीसं वलय होतं असं मला आता वाटतं. तेव्हा बघितलं नाही. सबमिशन होतं, प्लेट टाकली. औषध-बिषध काही नसेलही त्यात. पण बघितलं नाही, हे टोचतं.

इळा_मोडून_खिळा

+१. फ्रेंच शास्त्रज्ञ पाश्चरने लील शहरातल्या भाषणात म्हटलं होतं ना, की निरीक्षणाच्या क्षेत्रात दैव फक्त तयार मनालाच साथ देतं. साल १८५४. अरेच्चा, वॉलपोलचं पत्र १७५४! आणि पिंपरीला पेनिसिलीन बनवण्यासाठी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली ती १९५४! शंभर-शंभर वर्षांनी!!

खडूफळा

इळासाहेब, हा निव्वळ काकतालीय. कावळा बसला, फळ पडलं, पण तुमच्या हाती काय लागलं?

इळा_मोडून_खिळा

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

तारांगण_बंद_आहे

शहाणेसाहेबांसाठी आणखी एक उदाहरण. १९६७, केंब्रिज. जोसलिन बेल नावाची विद्यार्थिनी क्वेसार, म्हणजे अतिदूरच्या अतितेजस्वी आकाशस्थ वस्तू, शोधत होती. चार एकरांवरचा तारांचा अँटेना उभारायला तिनेही हातोडा मारलेला. या रेडिओ दुर्बिणीतून रोज सुमारे ३० मीटर कागद बाहेर पडायचा आणि तो ती डोळ्यांनी तपासायची. एके दिवशी त्यावर बोटाच्या पेरापेक्षाही कमी रुंदीचा एक गिजबिजाट दिसला. क्वेसारही नाही आणि जवळच्या गाडीचा किंवा रेडिओचा व्यत्ययही नाही. तिला आठवलं, आकाशाच्या याच भागात हे आधीही दिसलंय. ते रोज चार मिनिटं लवकर येत होतं, म्हणजे ताऱ्यांबरोबर फिरत होतं. खगोलशास्त्रज्ञ सोडले तर कुणाचं घड्याळ असं चालत नाही. कागदाचा वेग वाढवून पाहिल्यावर ठोके दिसले, १.३३ सेकंदाला एक. पहिला पल्सार, म्हणजे ठरावीक ठोक्यांनी रेडिओलहरी पाठवणारा तारा. आज आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या दुर्बिणीही पल्सारांचे ठोके मोजतात.

१९७४ चं नोबेल तिच्या मार्गदर्शकांना मिळालं, तिला नाही. त्याला कोणता न्याय म्हणायचं ते सरांनी सांगावं.

खडूफळा

त्याला न्याय म्हणत नाहीत.

सह्याद्रीचा_पाहुणा

महाराष्ट्रातलं उदाहरण द्या की! २८ एप्रिल १८१९, मद्रास घोडदळाचा जॉन स्मिथ वाघाच्या शिकारीला निघाला आणि वाघूर नदीच्या खोऱ्यात झाडीआड त्याला अजिंठ्याची लेणी दिसली. वाघ शोधायला गेला, बोधिसत्त्व सापडले. याहून अस्सल सेरेंडिपिटी कुठली?

आडगावचा_शहाणा

सापडली म्हणजे? हरवली कुणाची होती? शेजारच्या गावाचं नाव लेणापूर. ते काय स्मिथसाहेबाने ठेवलं?

सह्याद्रीचा_पाहुणा

तेही खरंच. शहाणेसाहेब, आज पहिल्यांदा तुमच्याशी सहमत.

दहाव्या लेण्यात मी त्याची सही पाहिलीय. रंगवलेल्या चित्रावरच चाकूने खरवडलेलं नाव आणि तारीख. गंमत म्हणजे ती आपल्या डोक्याच्याही वर आहे. मी आधी विचार केला, हा माणूस केवढा उंच होता! मग गाइडने सांगितलं की तेव्हा लेण्यात पुरुषभर दगडमाती साचलेली होती, स्मिथ त्या ढिगाऱ्यावर उभा होता. नंतर ढिगारा काढला आणि सही वरच लटकत राहिली.

पेट्रीबाई

मग वॉलपोलच्या अटीत हे बसतं का? अपघात आहे, न शोधलेली गोष्ट आहे. चाणाक्षपणा कुठाय? शेकडो वर्षांपूर्वीच्या चित्रावर ज्याला चाकू चालवावासा वाटला, त्याला काय दिसलं असेल?

तळ्याकाठचा

कोलंबसही याच रांगेत उभा करा. भारत शोधायला निघाला, वाटेत खंड लागलं आणि १५०६ मध्ये मरेपर्यंत आपण आशियातच पोहोचलो असं म्हणत राहिला. अपघात शंभर टक्के, चाणाक्षपणा शून्य.

कांदेनवमी

आमच्या नगर भागातलं दायमाबाद घ्या, प्राचीन वस्तीची जागा. १९७४ मध्ये एका भिल्ल शेतकऱ्याने झुडपाच्या बुडाशी खणलं आणि हाती लागले ब्राँझचे हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ हाकणारा माणूस. चारांचं मिळून साठ किलोच्या वर वजन. वितळवून विकले असते तर कुणाला कळलंही नसतं. त्याला पुरातत्त्व कोण शिकवायला गेलं होतं? तरी वस्तू शाबूत राहिल्या. मला यात चाणाक्षपणा दिसतो, भले तो राजपुत्रांच्या जातीचा नसेल.

बोरकूट

त्याला मराठीत घबाड म्हणतात. बाकी मुद्दा पटला.

निंबोणी

वाचता वाचता डोक्यात प्रकाश पडतोय. शब्दाला दोन पाय आहेत, अपघात आणि चाणाक्षपणा. आपण सुचवलेले सगळे शब्द पहिल्या पायावर उभे आहेत. आणि इंग्रजीतही दुसरा पाय झिजत गेलाय. वॉलपोलची ही पत्रं १८३३ मध्ये छापली गेली, तोवर शब्द पाकिटातच पडून होता. मग शंभरेक वर्षं पुस्तकवेडे आणि नंतर शास्त्रज्ञ तो जपून वापरत राहिले. २००१ मध्ये त्या नावाचा प्रेमपट आला तोवर हातमोज्यांवरून जुळलेलं प्रेमही सेरेंडिपिटीत जमा झालं होतं. आता कॅफे, अत्तर आणि टॉवर.

नवा शब्द घडवावा का? 'अवचितलाभ', 'सहजशोध', 'अनपेक्षितोपलब्धी'...

चहात_बुडाली

तिसरा नको! तो जन्मतः सरकारी वाटतो. अवचितलाभ गोड आहे, पण राशिभविष्यात शोभेल.

खडूफळा

मी घुणाक्षरावर पुन्हा विचार केला. शास्त्रकारांनी दृष्टांत दिला तो किड्याचा. किड्याला अक्षर येत नाही, म्हणून त्याला श्रेय नाही, इथवर ठीक. पण ते अक्षर आहे हे सांगितलं कुणी? त्या लाकडापाशी साक्षर माणूस उभा असल्याशिवाय हा न्याय सुरूच होत नाही. निरक्षराला ते भोकच दिसणार. पेट्रीबाईंची बुरशी म्हणजे किडा, आणि फ्लेमिंग वाचणारा. वॉलपोलचा शब्द किड्याबद्दल नाही, वाचणाऱ्याबद्दल आहे. आमच्या न्यायांच्या यादीत त्या माणसाला नावच नाही, हे मला आज सत्तरीत कळतंय.

निंबोणी

सर, हे मी लेखात घेतेय, तुमच्या परवानगीने. शीर्षकात 'सेरेंडिपिटी'च देवनागरीत ठेवते आणि पहिल्या परिच्छेदात 'घुणाक्षर वाचता येणं' असं लिहिते. संपादकांना पाठवलंय.

निंबोणी

संपादकांचं उत्तर आलं: "छान. घुण म्हणजे काय ते कंसात द्या."

बोरकूट

मी काल रात्री ओट्यावर एका बशीत लोणी आणि एका बशीत मध ठेवला. सकाळी दोन्हींत मुंग्या. राजपुत्र खोटारडे.

इळा_मोडून_खिळा

आणि माश्या?

बोरकूट

खिडकी बंद होती.

पेट्रीबाई

आज सकाळी टाकायच्या ट्रेमध्ये चौदा प्लेट्स होत्या. एकेक झाकण न उघडता उजेडासमोर धरून पाहिली. तीनवर बुरशी, दोन हिरव्या, एक काळी. वलय कुठेच नव्हतं. शिपाई विचारत होता, मॅडम काही हरवलंय का. ऑटोक्लेव्ह लावला, १२१ अंश, पंधरा मिनिटं.